ओळख परेडीआधीचं कुंकू

आमच्या पेटेतल्या माणसांना कोर्टात एकटं येता येत नाही. बेंगळुरूच्या जुन्या पेटेत, म्हणजे पेठेत, पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली आमची मराठी घरं. बारसं असो, ऑपरेशन असो नाहीतर पोलिसांची भानगड असो, सगळ्यांनी मिळून जायचं ही रीत. मी फौजदारी वकील, त्यातून त्याच पेटेत वाढलेली, त्यामुळे ही वरात नेहमी माझ्याच अंगावर येते. मामा, मावशा, शेजारी, जरीकाठाच्या साड्या, डब्यांत लिंबू पिळलेला चित्रान्न भात. आपलं माणूस बेवारशी नाही हे जज्जला दिसायला हवं, असं मला बजावून सांगतात. जज्ज मान वर करूनसुद्धा बघत नाहीत, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. ऐकतो कोण!

त्या दिवशीची वरात ज्याच्यासाठी आली होती, तो पंचविशीतला तरुण घरोघरी जाऊन पाण्याचे फिल्टर दुरुस्त करायचा. बाप लवकर गेलेला, घरात आई आणि तो. आईला मी वहिनी म्हणते, ती मला अक्का म्हणते. तिचं घर आमच्या मागच्या गल्लीत. त्याच्यावर आळ होता साखळीचोरीचा. शहराच्या दक्षिणेकडच्या एका लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, एक निवृत्त शिक्षिका सकाळी दूध घेऊन परतत होत्या. मागून मोटरसायकलवरून एक जण आला, गळ्यातली साखळी ओढली आणि पळाला. बाई पडल्या, कोपर सोलवटलं. डोक्यावर हेल्मेट होतं पण काच वर केलेली होती, मी चेहरा पाहिला, असं त्यांनी त्याच दिवशी पोलिसांना सांगितलं. कोपऱ्यावरच्या घराच्या कॅमेऱ्यात काळी मोटरसायकल दिसत होती, नंबर पुसट. त्याच गल्लीत, त्याच सकाळी, तशाच काळ्या मोटरसायकलवरून आमचा हा फिल्टर लावायला गेला होता. पोलिसांना तेवढं पुरलं. साखळी मात्र ना त्याच्या घरात सापडली, ना कुठल्या सोनाराकडे.

निरोप मिळाल्यावर मी पोलीस स्टेशनला गेले. फौजदार मोठ्या खुशीत होता. "मॅडम, कबूल केलंय त्यानं," म्हणाला. मी म्हटलं, "साहेब, तुमच्यासमोरच्या कबुलीची कोर्टात किंमत शून्य, हे तुम्हाला मी शिकवायचं का?" तो हसला. आमचं हे नेहमीचं चालतं. पण कोपऱ्यातल्या बाकावर बसलेला तो तरुण हसत नव्हता. त्याचा एक गाल सुजला होता आणि कशानं सुजला हे तो सांगायला तयार नव्हता.

मी त्याच्याशी मराठीत बोलले, म्हणजे शिपायाला कळू नये. अटक का केली हे त्यांनी लेखी द्यायचं असतं, ते घे. कशावरही सही करू नकोस. विचारलं तर गप्प बसायचा तुला हक्क आहे, आणि गप्प बसणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे. उद्या चोवीस तासांच्या आत तुला कोर्टात उभं करतील, तेव्हा मी असेन. आणि एक गोष्ट नीट ऐक. नेताना तुझ्या तोंडावर बुरखा घालतील. तो काढायचा नाही.

"बुरखा कशाला?" त्यानं विचारलं. "मी काय केलंय तोंड लपवायला?"

लोकांना हे कळत नाही, आणि त्यात लोकांचा दोष नाही. टीव्हीवर बुरखा घातलेला माणूस दिसला की बघणारा मनातल्या मनात निकाल लावून मोकळा होतो. खरं तर तो बुरखा आरोपीच्या भल्याचा असतो. पुढे जेलमध्ये ओळख परेड होते. आरोपीला त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या माणसांच्या रांगेत उभं करतात आणि साक्षीदाराला सांगतात, ओळख. ही परीक्षा खरी व्हायची तर साक्षीदारानं आरोपीला मधल्या काळात बघता कामा नये. एकदा बघितलं की संपलं. मग तो साक्षीदार रांगेतून चोराला ओळखतो आहे, की पोलिसांच्या तावडीत पाहिलेल्या माणसाला, हे सांगणार कोण? मी त्याला हे सगळं समजावलं. "सरी अक्का," तो म्हणाला, म्हणजे बरं, आणि त्यानं शब्द पाळला. पोलीस व्हॅनमध्ये, कोर्टाच्या आवारात, जिन्यावर, कुठेही त्यानं बुरख्याला हात लावला नाही.

हात लावला त्याच्या आईनं.

मी वरच्या मजल्यावरच्या एका कोर्टात अडकले होते. खाली आले तर व्हरांड्यात ही सगळी मंडळी गोल करून उभी, आणि मधोमध तो, उघड्या तोंडानं. वहिनी पहाटे उठून देवीच्या देवळातून कुंकू घेऊन आली होती. आमच्याकडे माणूस परीक्षेला निघो, परगावी निघो, दवाखान्यात निघो, देवीचं कुंकू कपाळाला लावल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत. पोराला पोलिसांनी घरातून उचललं तेव्हा ते राहून गेलं होतं, आणि तेच तिच्या मनाला लागून राहिलं होतं. बुरख्यावरून कुंकू कसं लावणार? तिनं सरळ बुरखा वर केला, पदरानं त्याचं तोंड पुसलं, आणि अंगठ्यानं कपाळावर चांगलं ठसठशीत उभं कुंकू ओढलं. कुंकू कोरडं होतं, त्यातलं थोडं नाकाच्या शेंड्यावर सांडलं. बरोबरच्या शिपायालाही आई असणार. त्यानं मान दुसरीकडे वळवली होती. तरुण म्हणत होता, "आई, राहू दे, अक्का रागावतील." तोवर मावशीनं त्याला एक घास भरवलाही.

मी ओरडले. चांगली ओरडले. बुरखा खाली ओढला, कुंकवासकट. सगळे गोरेमोरे झाले.

"स्वल्प कुंकू लावलं, अक्का," वहिनी म्हणाली. "त्यात एवढं काय? चोरासारखं तोंड झाकून उभा होता. आमच्या घरात कुणी तोंड झाकून उभं राहिलेलं नाही."

समोरच्या बाकावर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. सुती साडी, मांडीवर छत्री, कोपराला पट्टी. त्या आमच्याकडेच बघत होत्या. कोर्टाच्या व्हरांड्यात कुणीतरी ओरडतं आणि बाकीचे बघतात, हे रोजचंच, म्हणून मी फारसं लक्ष दिलं नाही. त्याच दिवशी, त्याच वेळी पोलिसांनी फिर्यादी बाईंना जबाब नोंदवायला तिथेच बोलावून ठेवलं असेल, असं माझ्या डोक्यातही आलं नाही. त्यांना मी त्याआधी पाहिलेलंच नव्हतं.

ओळख परेड परप्पन अग्रहारच्या जेलमध्ये झाली. आत वकिलाला प्रवेश नसतो. तहसीलदारांसमोर रांग लागली, बाईंना आणलं, आणि त्यांनी एका क्षणात बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी मी जाळीपलीकडून त्याला भेटले. तो म्हणाला, "अक्का, त्या अज्जी त्या दिवशी बाकावर होत्या."

मी अर्ज केला. साक्षीदारानं आरोपीला आधीच पाहिलं होतं, परेडीला अर्थ नाही, म्हणून लिहिलं. पोलिसांनी उत्तर दिलं की बुरखा एकदाही निघाला नाही. शिपायानंही तेच सांगितलं. त्याला नोकरी टिकवायची होती, मी समजू शकते, पण त्या दिवशी मला त्याचा भयंकर राग आला. व्हरांड्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं तर ते पुसलं गेलं होतं. ठराविक दिवसांनी आपोआप पुसलं जातं म्हणे. उरलं काय? आई, मामा, मावशी. आरोपीच्या घरच्यांचा शब्द. ओळख पटल्यामुळे जामीनही नाकारला गेला. तो आतच राहिला.

वहिनी माझ्या घरी आली ती एका रविवारी दुपारी. दारातच उभी राहून विचारलं, "अक्का, खरं सांग. माझ्या कुंकवामुळे तो आत आहे का?"

तोंड सांभाळून बोलणं मला कधी जमलं नाही. "हो," म्हटलं.

ती मटकन पायरीवर बसली. मला वाटलं रडेल, पण रडली नाही. "मग मीच सांगते जज्जला. मी बुरखा काढला, त्या बाईनं बघितलं. मी देवीसमोर शपथ घेऊन सांगते."

"सांगता येईल. पण तू आई आहेस. आईचा शब्द फारसा धरत नाहीत."

"आई खोटंच बोलणार असं धरून चालतं का तुमचं कोर्ट?"

"बरंचसं," मी म्हटलं. यावर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, ही आता मला दोन शब्द सुनावणार. तिनं फक्त चप्पल पायात सरकवली आणि गेली. आरोपीचे हक्क मी वर्षानुवर्षं तोंडपाठ सांगत आले आहे. पण त्यातला एक हक्क एका बाईनं मायेपोटी स्वतःच्या हातानं उचलून बाजूला ठेवला होता, आणि कुठल्याही कायद्याला ते दिसत नव्हतं.

वरच्या कोर्टानं पुढे जामीन दिला. तोवर फिल्टरवाल्या कंपनीनं त्याला काढून टाकलं होतं. जुनी काही गिऱ्हाइकं विश्वासानं बोलवायची, त्यातली बरीचशी त्याच लेआउटमधली. तो गुपचूप जाऊन काम करून यायचा. पेटेत मात्र तो खाली मान घालून चालायला लागला होता. खटला उभा राहायला वर्ष उलटून गेलं. सगळा खटला एकाच गोष्टीवर उभा होता, त्या बाईंच्या बोटावर. त्या आल्या, म्हणाल्या हाच तो, आणि जज्जनी विश्वास ठेवला, तर पोरगा चोर म्हणून शिक्का बसून तुरुंगात जाणार होता.

तो चोर होता का? मी त्याला कधी विचारलं नाही. एकदा तो स्वतःहून सांगायला लागला, तेव्हा मीच त्याला थांबवलं. मला माहीत करून घ्यायचं नसतं. काही वकिलांना विचारायचं असतं. मला ते जमत नाही, मग माझी झोप उडते. न विचारताही उडते, ती गोष्ट वेगळी.

बाई साक्षीला आल्या तेव्हा तीच छत्री होती. ताठ उभ्या राहिल्या, कानडीत अगदी स्वच्छ, वर्गात शिकवावं तशा बोलल्या. खोटं बोलणारा साक्षीदार मला लांबून ओळखता येतो, त्याला कुठे पकडायचं हेही कळतं. या बाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी आरोपीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हाच." मी उलटतपासणीला उठले.

जबाबाच्या दिवशी तुम्ही व्हरांड्यात बसला होतात ना? होते. याला तिथे पाहिलंत ना? नाही, कुणीतरी ओरडत होतं एवढं आठवतं. ते कुणीतरी म्हणजे मीच. जज्जनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. तिथला रस्ता बंद झाला होता. शहाण्या वकिलानं तिथेच बसावं. उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारू नये, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. मी विचारला. दुसरं काही हातात नव्हतंच.

"साखळी ओढताना किती वेळ दिसला असेल चेहरा? क्षणभर?"

"क्षणभरच. पण मी विसरणार नाही."

"मग सांगा ना, काय काय दिसलं."

त्यांनी डोळे मिटले. मला अजून दिसतात त्या तशा, डोळे मिटून उभ्या असलेल्या. "नाक सरळ. डाव्या भुवईत एक खाच. गाल असा, सुजल्यासारखा. आणि कपाळावर कुंकू. उभं, मोठं. थोडं नाकावरही सांडलेलं होतं."

मागच्या बाकावर वहिनीनं जोरात श्वास घेतलेला मला ऐकू आला.

"अम्मा," मी म्हटलं, "त्या माणसानं हेल्मेट घातलं होतं?"

"हो."

"काच वर होती. पण हेल्मेटनं कपाळ झाकलेलं असतं ना?"

त्यांनी डोळे उघडले. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि हात आपोआप स्वतःच्या कपाळाकडे गेला. भुवयांच्या वर त्यांनी बोटं टेकवली, जिथे हेल्मेटची कड येते तिथे. बोटं तिथेच राहिली. सरकारी वकील उठून उभे राहिले. बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी जज्जकडे तोंड वळवलं, आणि शाळेत हात वर केलेल्या मुलीच्या आवाजात विचारलं, "मग मी ते कुठे पाहिलं, स्वामी?"

लिहून घ्या, जज्ज टायपिस्टला म्हणाले. मला आनंद झाला होता, अगदी उडी मारावी इतका, आणि त्याच वेळी त्या बाईंकडे बघवत नव्हतं. बत्तीस पोरांच्या वर्गात कोण बोललं हे पाठमोरं ओळखणारी ही बाई असणार. तिच्या डोक्यातली एक गोष्ट मी तिच्या देखत काढून घेतली होती.

निकाल अपेक्षेप्रमाणे लागला. संशयाचा फायदा देऊन निर्दोष. वरातीत आनंदीआनंद. मामा मला पेढा भरवायला पुढे सरसावले. "देवीनंच सोडवलं," वहिनी सगळ्यांना सांगत सुटली. तिच्याच कुंकवानं तो आत गेला होता, याची मी त्या क्षणी तिला आठवण करून दिली नाही. माझ्यातही थोडी माणुसकी आहे. मग तिनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "म्हणजे जज्जनी म्हटलं ना, की यानं केलं नाही?"

"त्यांनी म्हटलं, केलं असं सिद्ध झालं नाही."

"दोन्ही एकच ना?"

"कायद्यात एकच," मी म्हटलं. ती पेढ्याचा पुडा घेऊन परत मंडळीत मिसळली.

बाई निकालाला आल्या होत्या. यायची काही गरज नव्हती, कुणी बोलावलंही नव्हतं. खालच्या पायऱ्यांवर त्या माझी वाट बघत उभ्या होत्या. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार, आणि ऐकून घ्यायची माझी तयारी होती.

"मी खोटं बोलले नाही," त्या म्हणाल्या.

"मला माहीत आहे, अम्मा."

"रात्री पडून मी आठवायचा प्रयत्न करते. हेल्मेटमधला चेहरा. हेल्मेट दिसतं, हात दिसतो, मोटरसायकल दिसते. आणि हेल्मेटच्या आत याचाच चेहरा येतो. दुसरा येतच नाही. खरा जो कोणी होता तो आता समोर येऊन उभा राहिला तरी मी त्याला ओळखणार नाही. आणि हा दिसला की माझी छाती धडधडते. काय करू मी, सांग?"

कायद्यात आरोपीसाठी माझ्याकडे कितीतरी उत्तरं होती. यांच्यासाठी एकही नव्हतं. "खरा हाच असेल तर?" असं त्यांनी विचारलं असतं तर निदान मला वाद घालता आला असता. त्यांनी विचारलं नाही.

तेवढ्यात तो मागून पायऱ्या उतरत आला. आम्हाला पाहून थबकला. बाई दचकल्या, एक पायरी मागे सरकल्या आणि पडता पडता कठड्याला धरून सावरल्या. त्यानं सावरायला हात पुढे केला होता, तो तसाच मागे घेतला. मंडळी वरच हसत-बोलत होती. तो खालच्या पायरीवर लांब जाऊन उभा राहिला, आणि तिथूनच कानडीत म्हणाला, "अज्जी, भिऊ नका. मी तुमच्या रस्त्यानं पुन्हा येणार नाही."

त्याची उरलीसुरली गिऱ्हाइकं त्याच रस्त्यावर होती. त्या रस्त्यानं जायचा त्याचा हक्क मी आत्ताच, वरच्या मजल्यावर, लढून मिळवला होता. तसं मला म्हणायचं होतं. पण बाईंनी मान हलवली, "बरं बाळा," म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची भीती थोडी ओसरली.